खर्चासह मंजूर

आमचे वकीलसाहेब केस हरले की शांत असत आणि जिंकले की त्यांचा पारा चढे. हरल्यावर ते कोर्टासमोरच्या टपरीवर बसून चहा पीत, पक्षकाराला अपिलाची मुदत समजावून सांगत आणि मिळेल त्या बसने अड्याळला आपल्या घरी परत येत. जिंकल्यावर मात्र त्यांच्याजवळ उभं राहायची सोय नसे. पक्षकार पेढ्याचा डबा घेऊन पाया पडायला वाकायचा आणि साहेब ओरडायचे, "पेढे कायचे वाटून राहिलास बे? शेवटची ओळ वाचली का?" त्या शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा एकच वाक्य असायचं: उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा. या एका वाक्यावर साहेबांनी जन्मभर दात धरला होता.

बाररूममध्ये त्यांना सगळे 'खर्चेवकील' म्हणत. तोंडावरही म्हणत. इतर वकील निकाल लागला की फाईल बांधून मोकळे व्हायचे. साहेब तेव्हा कुठे बाह्या सरसावायचे. निकालपत्र ते शेवटून वाचत. हल्ली निकाल मोबाईलवर येतो, तर मी वरून वाचायला लागले की ते चिडायचे, "खाली सरकव, पोरी, खाली. वरचं सारं आपल्याले माहीत आहे." मग ती ओळ यायची. ते चष्मा काढायचे, डोळे पुसायचे आणि म्हणायचे, "झालं! जिंकलो म्हणे आपण."

मी मूळची करडी गावची, धानाची शेती करणाऱ्या घरातली. सनद घेऊन साहेबांकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा मला त्यांचा हा राग म्हातारपणाचा चाळा वाटायचा. जमीन परत मिळाली, खोटं विक्रीपत्र रद्द झालं, आणखी काय हवं माणसाला? साहेबांनी मला एकदा खुर्चीत बसवून विचारलं, "फसवणाऱ्याच्या खिशातून काय गेलं, ते पहिले सांग." मी विचार केला. काहीच गेलं नव्हतं. जे त्याने लुबाडलं होतं तेवढंच त्याला परत द्यावं लागलं. इतकी वर्षं ज्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, गडी लावून उरलेली शेती केली, घरातलं किडूकमिडूक विकून तारखा भरल्या, तो जिंकूनही खंक झाला होता. "म्हणजे फसवून पाहाले काहीच लागत नाई," साहेब म्हणाले. "पचलं तर आपलं, नाई पचलं तर ज्याचं त्याले देल्लं. असा धंदा मलेही आवडन."

आणि कायदा असं सांगत नाही, हे त्यांचं खरं दुखणं होतं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, हाच कायद्याचा नियम आहे. तसा हुकूम करायचा नसेल तर न्यायाधीशाने त्याचं कारण लिहिलं पाहिजे, असंही त्यात स्पष्ट आहे. पण निकाल लिहिता लिहिता सगळे थकतात आणि शेवटी हात सवयीने ती ओळ लिहून जातो. वकीलही कुरकुरत नाहीत, कारण आज यांची तर उद्या आपली पाळी. मला आता याचा साहेबांपेक्षा जास्त संताप येतो. तेव्हा येत नव्हता, कारण तेव्हा मी सुगंधाबाईंना पाहिलं नव्हतं.

त्याआधी साहेबांची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढे तीच अंगाशी आली. खर्चासाठी जगाशी भांडणारा हा माणूस स्वतःच्या फीबद्दल अगदी गबाळा होता. खताच्या दुकानाशेजारी त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस. तिथे कोणी चिन्नोरचे तांदूळ आणून ठेवायचा, कोणी शिंगाडे, कोणी ओल्या फडक्यात गुंडाळलेली मरळ. रोख पैसे कमीच. पावती तर कधीच नाही. मी एकदा म्हटलं, "साहेब, निदान पावतीपुस्तक तरी छापून घ्या." ते म्हणाले, "मरळीची पावती कशी फाडतेत व? डोकं वेगळं, शेपूट वेगळं?" आणि स्वतःच मोठ्याने हसले. साहेबांची बायको, आमच्या काकू, मागच्या घरातून ओरडल्या, की आधी ती मरळ आत पाठवा.

सुगंधाबाई मासेमारी करणाऱ्या धीवर समाजातल्या. नवरा तलावावर मासेमारी करायचा आणि गावाबाहेर त्यांच्या मालकीची एक बोडी होती, लहानसं शेततळंच म्हणा. त्यात त्या मत्स्यबीज वाढवायच्या. नवरा वारल्यावर महिन्याभरात त्याचा मासेमारीतला जोडीदार घरी आला. तोवर तो मासळीचा ठेकेदार झाला होता, गावात त्याची जीप फिरायची. "वहिनी, तलावाच्या लिलावाचे कागद आहेत, मच्छीमार संस्थेत तुमचं नाव लावाचं आहे," असं सांगून त्याने त्यांना जीपमधून तालुक्याला नेलं. जिथे सांगितलं तिथे त्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले, फोटो काढून घेतला. घरी सोडताना त्याने मुलींसाठी जिलेबीही घेऊन दिली. बोडी आपण विकली, हे सुगंधाबाईंना ठेकेदाराची माणसं बोडीत जाळं टाकायला उतरली तेव्हा कळलं.

उलटतपासणीत ठेकेदाराच्या वकिलाने त्यांना तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. तुम्हाला वाचता येतं ना? येतं. सातवी शिकलात ना? शिकले. मग कागद का वाचला नाही? सुगंधाबाईंनी ठेकेदाराकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "मोठ्या जाळ्याले दोन माणसं लागतेत जी. एक टोक माह्या मालकाच्या हातात राहे, दुसरं याच्या. दुसऱ्या टोकाच्या माणसाकडं आमच्यात वळून पाहत नाईत. पाहिलं का मासोळी सुटते." वकील म्हणाला, मी कागदाबद्दल विचारतोय. त्या म्हणाल्या, "मीही कागदाबद्दलच सांगून राहिली."

केस चालली ती चालतच राहिली. ठेकेदार तारखा मागायचा. आज वकील आजारी, उद्या साक्षीदार बाहेरगावी. मधल्या काळात बोडी त्याच्याच ताब्यात होती, त्यातले मासे तोच विकत होता आणि त्याच पैशाने सुगंधाबाईंविरुद्धचा वकील पोसत होता. सुगंधाबाई बाजारात दुसऱ्यांच्या दुकानावर बसून मासे कापून द्यायच्या. जमीन मोजायला कोर्टाचा कमिशनर नेमला गेला तेव्हा त्यांनी नवऱ्याची जाळी विकली. खरेदीखताच्या साक्षीदारांना समन्स काढायची वेळ आली तेव्हा डोंगा विकला. गावात तो घेणारं दुसरं कोणी नव्हतं. ठेकेदारानेच घेतला. नवऱ्याच्या हातची ती लाकडी होडी रोज सकाळी तलावात ठेकेदाराच्या माणसांना घेऊन फिरायची आणि सुगंधाबाईंच्या घराच्या दारातून ती दिसायची.

निकाल आमच्या बाजूने लागला. फसवणूक सिद्ध झाली, विक्रीपत्र रद्द, बोडीचा ताबा परत. मी मोबाईल साहेबांपुढे धरला आणि नेहमीप्रमाणे खाली सरकवलं. या वेळी खर्च नाकारण्याचं कारण दिलेलं होतं. वादी साक्षर असूनही तिने दस्त न वाचता सह्या केल्या, सबब तिच्या निष्काळजीपणाचा विचार करता उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा. साहेबांनी ते दोनदा वाचलं. ओरडले नाहीत. मला ते जास्त भीतिदायक वाटलं. सुगंधाबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, म्हणजे डोंगा?" साहेब म्हणाले, "बोडी तुही झाली बाई." त्या म्हणाल्या, "बोडी माहीच होती. मी डोंग्याचं विचारून राहिली." मग त्या जे बोलल्या ते मी विसरणं शक्य नाही. "आमच्यात एखाद्यानं दुसऱ्याचं जाळं फाडलं, तर फाडणाऱ्याले ज्याचं त्याच्या दारात बसून, आपल्या हातानं शिवून द्या लागते. साऱ्या गावासमोर. इथं त्यानं फाडलं अन् कोर्ट म्हणते, बाई, तूच शिव. काहून?"

त्यांचं 'काहून', म्हणजे का, आता माझंही झालं होतं. माणूस ठोकर खाऊन पडला तर रस्त्याला जाब विचारण्याऐवजी त्याच्या चपला तपासायच्या, ही कुठली रीत?

ठेकेदाराचा माज पाहा, अपील त्यानेच केलं. साहेबांना हवं होतं तेच झालं. नुसत्या खर्चासाठी अपिलात जाणं अवघड असतं, पण समोरचाच वर गेला तर आपली तक्रार त्यात मांडता येते. साहेबांनी खर्चापुरता प्रतिआक्षेप दाखल केला. जिल्ह्याच्या कोर्टात त्यांनी फार थोडा वेळ युक्तिवाद केला. ते म्हणाले, "विश्वासाशिवाय फसवणूक होत नाही. अनोळखी माणसाने आणलेला कागद कोणीही वाचतो. ज्याने नवऱ्याच्या तिरडीला खांदा दिला, त्याने आणलेला कागद या बाईने वाचला नाही, आणि नेमकं तेच हेरून प्रतिवादीने तिला फसवलं. विश्वास ठेवणं हा निष्काळजीपणा धरला, तर फसलेल्या कोणत्याच माणसाला कधीच खर्च मिळणार नाही. ज्याने कोणावर विश्वास ठेवला नाही त्यालाच खर्च मिळेल, आणि तो तर फसलेलाच नसेल." इतकं स्वच्छ, प्रमाण मराठी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. मग म्हणाले, वकीलसाहेब, खर्चाचा तपशील दाखल करा. फीच्या पावत्यांसह.

साहेब उभेच राहिले. बसायचं विसरले.

बाररूममध्ये मी बाकीचे कागद लावून घेतले. समन्सचा खर्च होता, कमिशनरची फी होती, नकलांच्या पावत्या होत्या. वकील फीच्या रकान्यात काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत सुगंधाबाईंनी रोख थोडंच दिलं होतं. बाकी रोहू, झिंगे, शिंगाडे, पोळ्याला एक पायली तांदूळ. शेजारच्या टेबलावरचे एक वकील चांगल्या मनाने उठून आले, त्यांनी स्वतःचं कोरं पावतीपुस्तक साहेबांपुढे सरकवलं आणि म्हणाले, "मागच्या तारखा टाका. सगळेच टाकतात. बाईचंच भलं होईल." खरंच झालं असतं. रक्कम दुप्पट-तिप्पट करता आली असती, आणि ती मुळीच अवाजवी नव्हती. साहेबांचे कान लाल झाले. "भाऊ," ते म्हणाले, "खोट्या कागदाच्या विरोधात लढलो मी. अन् आता शेवटच्या पानाले खोटा कागद जोडू? त्या ठेकेदारात अन् माह्यात मंग फरक काय रायला, त्याची जीप?" ते वकील बिचारे पुस्तक उचलून निघून गेले.

मग साहेबांनी शपथपत्र केलं. फीपैकी रोख मिळालेली रक्कम लिहिली आणि खाली लिहिलं, की उर्वरित फी मासळी, शिंगाडे व तांदूळ या स्वरूपात मिळाली, तिची पावती दिलेली नाही, ही चूक वकिलाची आहे, पक्षकाराची नाही. कोर्टात ते वाचलं गेलं तेव्हा समोरच्या वकिलाने विचारलं, "मासळीचा भाव कोणत्या बाजाराचा धरायचा?" मागच्या बाकांवर हशा पिकला. ठेकेदार सगळ्यात मोठ्याने हसला. मला उठून त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली, आणि अजूनही वाटते. न्यायाधीश हसले नाहीत. पण पावतीशिवाय त्यांनाही काही करता येईना.

अपील फेटाळलं गेलं. मी मोबाईलवर खाली सरकवलं. प्रतिआक्षेप मंजूर. विश्वास म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असं त्यात शब्दशः होतं. प्रतिवादीने वादीचा दोन्ही कोर्टांचा खर्च द्यावा, शिवाय खोटा बचाव जाणूनबुजून चालवल्याबद्दल कायद्याच्या मर्यादेत भरपाई द्यावी. ती मर्यादा कोणत्या जमान्यात घातली कोण जाणे, तेवढ्यात ठेकेदाराच्या जीपचं एक टायर आलं नसतं. वकील फी ठरलेल्या सरकारी कोष्टकाप्रमाणे, म्हणजे नावाला. सगळी बेरीज जेमतेम एका जुन्या डोंग्याच्या वर गेली. साहेबांनी ती ओळ वाचली आणि या वेळीही ते ओरडले नाहीत. जिंकल्यावर जन्मात पहिल्यांदा पेढा घेतला. अर्धा मला दिला. "माही चूक पोरी," ते म्हणाले. "कोर्टाले आयुष्यभर शिव्या देल्ल्या, अन् माह्या एका पावतीपायी बाईचं अर्धं गेलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पावतीपुस्तक छापायला टाकलं. त्यानंतर मरळीचीही पावती फाटायला लागली. बसचं तिकीट फेकलं तर मला बोलणी बसायची.

ठेकेदार पैसे देईना. खर्च भरला तर आपण लबाड ठरतो, असं तो गावात सांगत फिरे, जणू इतके दिवस गाव त्याला संत समजत होतं. हुकूम हातात असून वसुलीसाठी पुन्हा वेगळी दरखास्त लावायची, पुन्हा नोटिशी, पुन्हा तारखा. खर्च वसूल करायला पुन्हा खर्च! साहेब म्हणत, "हा कायदा कोणं बनवला तो कधी फसलाच नसन." दरखास्तीत जप्त करायच्या मालाचं वर्णन लिहायचं असतं. त्यांनी जीप लिहिली नाही. लिहिलं: लाकडी डोंगा, एक. पहिल्या तारखेच्या आधीच, एका दुपारी जेवून आडवे झालेले साहेब उठलेच नाहीत.

सुगंधाबाई आल्या तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. त्या काकूंजवळ बसल्या, रडल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, "साहेबाची फी द्याची रायली माही." मी म्हटलं, दिली होती तुम्ही. "ते तर खाल्लं त्यायनं," त्या म्हणाल्या. "फी म्हणजे त्यायनं जेवढं लढून देल्लं, तेवढ्या मोलाची."

दरखास्त मी चालवली. बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहिला तेव्हा ठेकेदार ताळ्यावर आला आणि तडजोडीची भाषा करायला लागला. सुगंधाबाई म्हणाल्या, पैसे नकोत, डोंगा द्या, हिशेब मिटला. मी त्यांच्यावर चिडले. डोंग्याची किंमत रकमेपेक्षा कमी होती, आणि ठेकेदार लगेच हो म्हणाला यातच काय ते आलं. पण त्या ऐकेनात. तेव्हा मी तडजोडीचा अर्ज लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या. ठेकेदाराने घाईघाईने सही केली. वाचलं नाही.

ठरल्या दिवशी तो स्वतः डोंगा वल्हवत पलीकडून आला. पाळीवर गाव जमलं होतं. सुगंधाबाईंनी डोंगा काठावर ओढायला लावला, पालथा करायला लावला आणि बुडाखाली वाकून पाहिलं. फटीतून उजेड दिसत होता. "फुटला आहे," त्या म्हणाल्या. "बुजव."

ठेकेदार माझ्याकडे वळला. "मॅडम, असं कुठं लिहिलं आहे?"

मी मोबाईल काढला, अर्ज उघडला आणि खाली सरकवलं. एकदम खाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: "प्रतिवादीने सदर डोंगा वादीच्या दारात, स्वहस्ते दुरुस्त करून द्यावा."

डोंगा सुगंधाबाईंच्या दारात नेला आणि तो दिवसभर तिथे उन्हात बसून फटी बुजवत होता, डांबर लावत होता. सुगंधाबाई समोर पायरीवर बसून बघत होत्या. मीही बसले. साहेब असते तर हे पाहून खूश झाले असते, असं मी म्हणणार होते, पण ते आधी मलाच म्हणाले असते, "पोरी, तुह्या येण्याजाण्याचं काय? ते का आपल्याच खिशातून?" संध्याकाळच्या बसने परतताना मी तिकीट नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.